दानाच्या साखरेचा हिशेब

(अभ्यासपाठ)



आगमनकाळ जवळ आला की आपल्याकडे गरीब कुटुंबांना वाटायच्या पिशव्यांची यादी निघते. गहू, साखर, डाळ, तेलाची पिशवी, विधवा भगिनींसाठी एकेक साडी. यादीवर चर्चा होते ती बहुतेक दराची. कोणते दुकान किलोमागे दोन रुपये कमी लावते, साड्या घाऊक घेतल्या तर किती सूट मिळते. यात चूक काही नाही. पैसा लोकांच्या वर्गणीचा आहे, तो जपूनच खर्चायला हवा. पण एक प्रश्न त्या यादीवर कधी येत नाही. ही साखर ज्याने तोडली, ही साडी जिने विणली, त्या माणसाला ते काम सोडून घरी जायचे असते तर जाता आले असते का?

आजचा पाठ याच प्रश्नाविषयी आहे. गुलामगिरी म्हटले की आपल्याला जुन्या करारातील मिसर देश आठवतो, किंवा साखळदंडाने बांधलेल्या आफ्रिकन माणसांचे चित्र. आता ते सगळे संपले असे आपण धरून चालतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इतर दोन संस्थांसह २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांतील पावणेतीन कोटींहून अधिक सक्तीच्या मजुरीत होती आणि बाकीची सक्तीच्या विवाहात. या माणसांच्या पायात बेडी नसते. बेडीच्या जागी कर्ज असते, काढून घेतलेले कागद असतात, धमकी असते किंवा गावाकडे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांची काळजी असते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. काम कठीण आहे का, मजुरी कमी आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण पहिला प्रश्न हा की त्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते का. संत जोसेफिन बखिता हिची कथा आपल्यापैकी काहींनी ऐकली असेल. सुदानमध्ये लहानपणी पळवून नेलेली ही मुलगी अनेकदा विकली गेली आणि शेवटी एका इटालियन कुटुंबाबरोबर इटलीत आली. मालकीण तिला परत न्यायला आली तेव्हा तिने जायला नकार दिला. प्रकरण व्हेनिसच्या न्यायालयात गेले आणि १८८९ साली न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. तिला कोणी साखळदंडाने बांधले नव्हते, मालकीणही वाईट वागत नव्हती म्हणतात. तरीही ती गुलाम होती, कारण त्या दिवसापर्यंत तिच्या नकाराला किंमत नव्हती. पुढे ती कनोसियन धर्मभगिनी झाली, १९४७ साली वारली आणि २००० साली संतपदास पोहोचली. ८ फेब्रुवारी हा तिचा सण २०१५ पासून मानवी तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

आता आपल्या शिवारात येऊ.

माकणीच्या धरणात पाणी असले की खाली ऊस उभा राहतो. तो तोडायला माणसे लागतात. आणि आपल्याच भागातली माणसे इथला ऊस सोडून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात तोडीला जातात, हेही आपण पाहतो. आपल्या धर्मग्रामातील काही घरे त्यांत आहेत. नाताळच्या मिस्सेला जे बाक रिकामे दिसतात, त्यांवर बसणारी माणसे त्या वेळी कुठल्या तरी फडावर कोपीत असतात. म्हणून हा विषय दूरच्या कुणाचा नाही. ज्या कुटुंबाला आपण साखरेची पिशवी देतो, त्याच कुटुंबातील भाऊ-भावजय ती साखर होणारा ऊस तोडत असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

तोडीचा व्यवहार ज्यांना माहीत नाही अशा तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. पावसाळ्यात, घरात काही नसते तेव्हा, मुकादम ‘उचल’ देतो. हल्ली एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते, कधी त्याहून वर. मुकादमाकडे हा पैसा कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराकडून येतो. बदल्यात कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या स्टँप पेपरवर अंगठा होतो. हंगामात टनामागे दर धरून मजुरी उचलीतून वळती होते. जानेवारी २०२४ मध्ये संघटना आणि साखर संघ यांच्यात तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी तो दर टनाला पावणेचारशेच्या आतच राहिला.

हिशेब करून पाहू. दर सोयीसाठी साडेतीनशे धरा. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तर सातशे रुपये. हे दोन माणसांचे, पहाटे चारला उठून रात्री गाडी भरेपर्यंतचे. हंगाम चार महिने एकही दिवस न चुकता चालला तर चौऱ्याऐंशी हजार. उचल एक लाख होती. म्हणजे काहीही न खाता, एक दिवसही आजारी न पडता राबले तरी सोळा हजार अंगावर राहिले. पण माणसे खातात. आठवड्याला ‘खर्ची’ घ्यावी लागते, ती उचलीत मिळवली जाते. ताप आला, बाईची पाळी आली, लेकरू पडले आणि दिवस बुडाला की ‘खाडा’ धरला जातो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंड. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतते तेव्हा पुष्कळांचा हिशेब ‘फिटला नाही’ असाच निघतो, आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. दुसरीकडे दर चांगला मिळत असला तरी.

खाड्याच्या भीतीचे टोक काय असते ते २०१९ मध्ये सगळ्या राज्याने पाहिले. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढून टाकण्याचे प्रमाण फार आहे अशा बातम्या आल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया मागील दहा वर्षांत झालेली निघाली. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने महाराष्ट्रातील उसाच्या फडांवरील कर्ज, बालविवाह आणि या शस्त्रक्रियांवर मोठा वृत्तांत छापला. जगभर खपणारी शीतपेये बनवणाऱ्या कंपन्या इथल्या कारखान्यांची साखर घेतात, हेही त्यात दाखवून दिले. मग बरीच चर्चा झाली. परदेशातल्या ग्राहकाने विचारल्यावर आपण हललो, हे थोडे लाजिरवाणे आहे असे मला वाटते. हाच प्रश्न आपण आपल्या किराणा दुकानात उभे राहून कधी विचारला नाही.

ऊसतोड हे एकच उदाहरण नव्हे. पाडव्याला ‘साल धरण्या’ची पद्धत आपल्याकडे अजून आहे. सालगडी वर्षाची रक्कम ठरवतो, त्यातली काही आगाऊ घेतो आणि वर्षभर राबतो. सगळेच सालगडी वेठबिगार असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ ठिकाणी मालक आणि गडी एका ताटात जेवतात. पण ज्या घरी बापाची बाकी मुलाच्या अंगावर येते आणि मुलगा शाळा सोडून गोठ्यात जातो, तिथे साल हे साल राहिलेले नसते. जुन्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा आणि बायको दोघेही सावकाराचे होऊन जात. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेने ती पद्धत मोडून काढायला वारल्यांना उभे केले. पुढे १९८२ मध्ये वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभारली आणि आदिवासी वेठबिगारांना मुक्त करण्याचे काम हाती घेतले. या कामासाठी विवेक पंडित यांना १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या जुन्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. वसई म्हणजे आपल्या मराठी कॅथलिकांचे माहेरघरच. चर्चच्या घंटा ऐकू येतील इतक्या अंतरावर वेठबिगार होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

कायदा काय म्हणतो, हे प्रत्येकाने माहीत करून घेतले पाहिजे. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी आहे, आणि ही बंदी सरकारइतकीच खासगी माणसालाही लागू आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्यानुसार अशा बंधनाखाली घेतलेले कर्ज रद्द होते, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही. आणि कर्ज वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नसून कर्ज देणाऱ्यावर आहे. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि अनेक जुने कायदे त्यांत विलीन झाले, पण १९७६ चा हा कायदा स्वतंत्र असून कायम आहे. १९८२ साली दिल्लीत एशियाड स्पर्धांची बांधकामे चालू असताना मजुरांच्या बाजूने एक खटला झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी होय, कारण भूकही माणसावर सक्ती करते.

हा शेवटचा मुद्दा आपण धर्मादाय काम करणाऱ्यांनी दोनदा वाचावा. आपण सहसा असे समजतो की शोषण करणारे म्हणजे कारखानदार, गुत्तेदार, दलाल. सेवाकार्य करणारी संस्था यात कशी येईल? पण संस्थेलाही स्वयंपाकीण लागते, रात्रीचा राखणदार लागतो, वसतिगृहाला भांडी घासणारी बाई लागते. ‘ही तर देवाची सेवा आहे’ असे म्हणून या माणसांना बाजारापेक्षा कमी पगार देण्याची सवय धार्मिक आणि सेवाभावी संस्थांमध्ये कोणत्या धर्मात नाही? सेवा ही मनाने करायची गोष्ट आहे. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याच्या पगारातून ती कापून घेता येत नाही. आजारपणात दिलेली उचल पगारातून कापायची असेल तर ती किती, किती महिन्यांत, हे कागदावर असावे आणि तो कागद त्या माणसाच्या हातीही असावा. उचल शिल्लक असताना त्याला काम सोडायचे असेल तर सोडू द्यावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून कार्यालयातील कपाटात ठेवू नये. झेरॉक्स ठेवा, मूळ कागद त्याच्याकडे जाऊ द्या. आश्रयाला आलेल्या मुलामुलींकडून संस्थेची कामे किती करून घ्यायची, यालाही सीमा असावी. आपले ताट धुणे हे संस्कारात बसते. अभ्यासाच्या वेळी पन्नास माणसांचे पीठ मळणे बसत नाही.

मग येते खरेदी. इथे एक प्रामाणिक कबुली आधी द्यायला हवी. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, पण त्या पोत्यातला ऊस कोणत्या फडातून, कोणत्या टोळीने तोडला, हे आपल्या दुकानदाराला सांगता येणार नाही. कारखान्यालाही ते सांगणे अवघड जाईल. त्यामुळे आपण उद्यापासून ‘शुद्ध’ साखर वाटू, असे आश्वासन मी देणार नाही आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. साड्यांचेही तसेच. तामिळनाडूतील सूतगिरण्यांमध्ये ‘सुमंगली’ नावाची पद्धत पुष्कळ वर्षे गाजली. खेड्यातल्या मुलींना तीन वर्षे वसतिगृहात ठेवून राबवायचे आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचे. मधेच सोडले तर रक्कम बुडाली. आपण घेतलेल्या साडीत त्या सुताचा धागा आहे की नाही, हे इथे बसून कळणार नाही.

पण पुष्कळ गोष्टी इथे बसून कळतात, आणि आपण त्यांकडेही पाहत नाही. सभागृहाची भिंत बांधायची असेल तर विटा कोणत्या भट्टीवरून येतात ते ठाऊक असते. मोटारसायकलने तासाभरात जाऊन येता येते. तिथे वीट थापणारी कुटुंबे कुठली आहेत, उचल किती घेतली आहे, हिशेबाची वही त्यांच्याकडे आहे का, लेकरे शाळेत जातात की चिखल तुडवतात, आठवडी बाजाराला नवरा-बायको दोघांनाही एकदम जाऊ देतात की एकाला मागे ठेवतात. हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. एकाला मागे ठेवणे म्हणजे ओलीस ठेवणे. बांधकामाच्या गुत्तेदाराशी करार करताना मजुरांना किमान वेतन मिळेल, चौदा वर्षांखालचे मूल कामावर नसेल, कोणाला उचलीपायी अडकवून ठेवले जाणार नाही, आणि आपल्या समितीचा माणूस कोणत्याही दिवशी येऊन मजुरांशी बोलू शकेल, अशी चार वाक्ये लिहून घ्यावीत. गुत्तेदार कुरकुर करील. दर थोडा वाढवून मागेल. कदाचित त्याचे बरोबरही असेल. सगळ्यात कमी दराची निविदा आपण पकडतो तेव्हा तो फरक कोणाच्या तरी घामातून निघत असतो.

आपल्या भागाला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर सास्तूर, किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत देशभरातून, परदेशांतून दान आले. नवी गावे उभी राहिली. त्या वसाहतींत ठिकठिकाणी दात्या संस्थांच्या नावांच्या पाट्या आहेत, आणि असाव्यात. विटा वाहणाऱ्याच्या नावाची पाटी कुठेच नसते. संकटाच्या काळात घाई असते, पैसा एकदम येतो, कामे गुत्तेदारावर सोडली जातात. अशा वेळी जगभर दोन धोके वाढतात असा अनुभव आहे. एक, स्वस्त मजुरांची ने-आण करणारे दलाल. दुसरा, अनाथ झालेल्या मुलींना ‘शहरात चांगल्या घरी काम लावून देतो’ म्हणणारे सभ्य चेहरे. पुढे कधी अशी वेळ आली, दुष्काळ असो की पूर, तर मदतीच्या पहिल्या यादीतच मुलांची नोंद आणि त्यांना कोण कुठे नेतो याची नोंद ठेवायला हवी.

सणाच्या जेवणाचेही बघा. मंडप बांधणारी, पत्रावळ्या उचलणारी, वाढपी मुले किती वर्षांची असतात? आचारी ठरवताना आपण भाजी आणि बुंदी ठरवतो, माणसे ठरवत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे. पुढच्या सणाला आचाऱ्याला हे आधीच सांगता येईल, आणि आयत्या वेळी एखादा दहा वर्षांचा पोरगा भांडी घासताना दिसला तर त्याला हाकलून न देता आधी जेवू घालून त्याच्या घरचा पत्ता विचारता येईल.

परदेशांत याबाबत कायदे झाले आहेत. इंग्लंडमध्ये २०१५ साली आणि ऑस्ट्रेलियात २०१८ साली. मोठ्या उलाढालीच्या संस्थांना दरवर्षी लेखी निवेदन करावे लागते की आपल्या कामात आणि आपण जिथून माल घेतो त्या साखळीत गुलामगिरीचा धोका कुठे आहे व आपण काय केले. ऑस्ट्रेलियात १० कोटी डॉलरच्या वर उलाढाल असेल तर हे बंधन येते, आणि तिथली कॅथलिक रुग्णालये, शाळा व सेवासंस्थाही अशी निवेदने काढतात. भारतात धर्मादाय संस्थांसाठी असा कायदा नाही, आणि आपली उलाढाल सांगायची तर हसू येईल. तरी वर्षाच्या हिशेबपत्रकाबरोबर अर्धे पान जोडायला कोणी अडवलेले नाही. या वर्षी काय काय विकत घेतले, कुठे जाऊन पाहिले, काय खटकले, आपल्याकडे काम करणाऱ्यांना किती पगार दिला. ते पान दारावरच्या फलकावर लावले तर दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारणारे वाढतील.

वाईट काही आढळले तर काय करायचे? पहिली प्रवृत्ती असते ती त्या भट्टीवाल्याकडून माल बंद करून हात झटकण्याची. आपले हात स्वच्छ राहतात, पण आत अडकलेले कुटुंब तिथेच राहते. आधी त्या कुटुंबाशी, मालक जवळ नसताना, बोलावे. त्यांना काय हवे आहे ते ऐकावे. त्यांना नको असताना त्यांच्या वतीने तक्रार ठोकू नये, कारण रात्री मार त्यांना बसतो. प्रकरण हिशेबाचे असेल, मालक ऐकणारा असेल, तर मुदत देऊन सुधारून घेता येते. पण कोणाला डांबून ठेवले असेल, मारहाण असेल, मुलगी धोक्यात असेल, तर वाटाघाटी नकोत. लगेच ११२, मुलांसाठी १०९८. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी करायची. चौकशी करून मुक्त करण्याची आणि मुक्तीचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे. जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांपर्यंत मदत आहे, मात्र पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली असल्याने ती मिळायला वर्षे जातात. तातडीची छोटी रक्कम तेवढी आधी मिळू शकते. त्या मधल्या महिन्यांत घर चालवायला आधार देणे, हे आपल्यासारख्या लहान मंडळाला खरोखर जमण्यासारखे काम आहे. नाही तर सुटलेला माणूस दोन महिन्यांत पुन्हा उचल घेतो. आणि कृपा करून त्याचे फोटो काढून कुठे लावू नयेत.

मुकादमाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पाठ अर्धवट राहील. तोही बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. कधी काळी कोयताच धरलेला, थोडे शिकलेला, हुशार. ठेकेदाराचा पैसा त्याच्या अंगावर असतो. एखादी टोळी उचल घेऊन दुसरीकडे निघून गेली तर त्याची जमीन जाते, हेही घडते. पण आपले नुकसान भरून काढायला एखाद्या बाईला किंवा लेकराला अडवून ठेवण्याचा अधिकार त्याला कोणीच दिलेला नाही. अशा मुकादमाने सणाला मोठी देणगी दिली तर समितीने घ्यावी का? माझे मत असे की आधी त्याला घरी बोलावून चहा द्यावा आणि टोळीच्या हिशेबाची वही बघायला मागावी. वही उघडी असेल तर देणगी घ्यावी. नसेल तर त्याला सांगावे, दादा, हे पैसे आधी टोळीची बाकी कमी करायला लावा. संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवंतांना जे सुनावले आहे ते नेमके शेत कापणाऱ्यांच्या अडकवलेल्या मजुरीबद्दल आहे. ती मजुरी ओरडते आणि तो आवाज देवापर्यंत पोहोचतो, असे त्याचे म्हणणे. उसाच्या फडाला ते जसेच्या तसे लागू पडते. संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटे पत्रही या निमित्ताने घरी वाचावे. पळून आलेल्या ओनेसिमला तो परत पाठवतो, पण दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार असे सांगून, आणि त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर लिही म्हणतो. हिशेबाची वही कशी बंद करायची, याचा तो एक नमुनाच आहे.

दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ च्या विश्वशांतिदिनाचा संदेश याच विषयावर दिला होता. त्याआधी २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांनी इतर धर्मांच्या प्रमुखांबरोबर व्हॅटिकनमध्ये एका घोषणेवर सही केली होती, २०२० पर्यंत आधुनिक गुलामगिरी संपवण्यासाठी झटण्याची. ती मुदत केव्हाच उलटून गेली.

आता कामाचे. या महिन्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत प्रत्येक समूहाने आपल्या गल्लीतून कोण कोण तोडीला, भट्टीवर किंवा शहरात घरकामाला गेले आहे, कोणाबरोबर, कुठे, आणि त्यांचा फोन नंबर काय, हे एका वहीत लिहून ठेवावे. वही सिस्टरांकडे राहील, बाहेर कोणाला दाखवली जाणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा, एवढेच. मुलांना बरोबर नेण्याऐवजी गावी ठेवता यावे म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांना पुढील हंगामाआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, भेटावे. आणि पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतल्या की दोन रविवारी मिस्सा झाल्यावर आपले काही शिक्षक आणि बँकेत काम केलेले बंधू सभागृहात बसतील. ज्यांना उचलीचा, खर्चीचा, खाड्याचा हिशेब वाचून हवा आहे त्यांनी असेल तो कागद, चिठ्ठी, पावती घेऊन यावे. नुसते तोंडी आठवत असेल तरी यावे, लिहून घेऊ. कॅथलिक नसलेल्या शेजाऱ्यांनाही आणावे.